मिनिटाला पंचावन्न ठोके

वडिलांना पुरून आल्यावर चौथ्या दिवशी लॅरिसा पावलिक कॅनडातल्या सास्काटूनच्या प्रयोगशाळेत कामावर हजर झाली. तिला काहीच वाटत नव्हतं. चर्चच्या बायकांनी कोबीच्या रोलांनी घरचा फ्रीझर गच्च भरून दिला होता आणि मग त्या तिच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. इथे निदान ती कटकट नव्हती.

बर्फाच्या डब्यातून माणसाच्या हृदयाचा तुकडा आला होता. शस्त्रक्रियेत काढलेला, नखाएवढा. इतकी वर्षं तिने उंदरांच्याच हृदयावर काम केलं होतं; माणसाचं हे पहिल्यांदाच.

"अगं, घरी जा की," शेजारच्या टेबलावरून विल्मा फ्रीसन म्हणाली. विल्मा तिथली सगळ्यात जुनी. "तोंड बघ जरा आरशात. तुकडा मी लावते."

"मलाच लावू दे."

तिने तुकड्याची बारीक पट्टी कोमट क्षारपाण्यात टांगली आणि विजेचे हलके झटके सुरू केले. मिनिटाला तीस. पट्टी आकसली की तिचा जोर दाखवणारी पडद्यावरची रेघ वर उचलली जायची. साठ केले, रेघ आणखी वर गेली. नव्वद केले, त्याहून वर.

लॅरिसा बघतच राहिली. तिच्या उंदरांचं नेमकं उलटं असायचं. ठोके जलद केले की स्नायूचा जोर कमी, सावकाश केले की जास्त. मोठ्या प्राण्यांचं वेगळं असतं हे तिने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण शिकलेलं डोक्यात राहतं आणि रोजचं हातात मुरतं, त्याला काय करणार!

नाताळात वडील फार थकलेले दिसले, तेव्हा तिने त्यांच्या दवाखान्यात फोन करून हट्टच धरला होता. पेसमेकर मिनिटाला पंच्याहत्तरवरून पंचावन्न ठोक्यांवर आणा, सावकाश ठोका जोरात पडतो. डॉक्टर आधी कुरकुरले, मग ऐकलं. फेब्रुवारीत वडील बसल्या खुर्चीत गेले.

"विल्मा, बाबांना मी मारलं," ती म्हणाली. मीठ संपलंय म्हणावं तसं. मग सगळं सांगितलं.

विल्माने पडद्याकडे पाहिलं. "एका पट्टीवरून निकाल लावतेस? शिकाऊ पोरांना यावरून झापतेस ना तू? थकलेलं हृदय जलद ठोक्यांनी आणखी थकतंसुद्धा. तुझ्या बाबांचं कसं होतं, ते आता कळायचं नाही, बाई. कधीच नाही."

यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती बाहेर जाऊन उभी राहिली, आईला फोन लावला आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली.

"माहितीये मला," आई म्हणाली. "दवाखान्यात मी होते ना यांच्याबरोबर. डॉक्टरांनी विचारलं त्यांना, मुलीचं ऐकायचं का म्हणून."

"मग?"

"हे म्हणाले, तिला उंदरांपलीकडे काही कळत नाही. पण पोरीने माझ्या काळजीने आपणहून इथे फोन केलाय, किती वर्षांनी. करा ती म्हणते तसं."

लॅरिसा भिंतीला पाठ घासत खाली बसली. आई पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिली.