हजार वॅटचं खोकं

इन्साफच्या स्वतःच्या लग्नात गाडीवर जे चढलं होतं ते सगळं कुणा ना कुणाचं उतरलेलं. मावशीची शेगडी, शेजारणीचा आरसा, आणि थोरल्या बहिणीने कंटाळून दिलेलं कपाट. त्याचं एक दार कागदाची घडी खोचल्याशिवाय मिटत नसे. सासूने त्या कपाटावरून तिला तेवीस वर्षं टोमणे मारले. कपाट शेवटी मोडलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "सुटलं बिचारं." ते कपाटाबद्दल होतं की सुनेच्या संसाराबद्दल, हे इन्साफला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून नज्लाला आठवं लागलं त्या वर्षापासून इन्साफ पलंगाखाली खोकी सारायला लागली. मन्सूरा शहरातल्या सगळ्याच आया सारतात, पण इन्साफने नेम धरला होता: लेकीच्या सामानात वापरलेली काडीसुद्धा जाणार नाही. लोकांचे पडदे शिवून आलेल्या पैशांतून कधी सहा पेले, कधी चादरींची जोडी, कधी नुसतीच किसणी. खोकं उघडून बघायचीही सोय नव्हती, कारण चिकटपट्टी निघाली की वस्तू नवी कसली? नज्ला सत्तावीस वर्षांची झाली तोवर पलंगाखाली मुंगी शिरायला जागा उरली नव्हती आणि पायांखाली विटा लावून पलंग वीतभर उंच झाला होता. विधवा इन्साफ रोज रात्री पायरी चढल्यासारखी त्यावर चढायची आणि समाधानाने झोपायची.

आता नदीपलीकडच्या तलखातल्या रिफअतशी लग्न ठरलं होतं. औषधाच्या दुकानात काम करणारा शांत मुलगा. रविवारी, लग्नाच्या आधी, सामान उघड्या गाड्यांवर चढणार, वाजतगाजत पूल ओलांडणार आणि दोन्ही काठांच्या बाल्कन्या एकेक खोकं मोजणार. यादीतली एकच वस्तू राहिली होती, म्युझिक सिस्टिम. आणि नज्लाला ती जुनी हवी होती.

नज्ला शाळेत संगीत शिकवायची आणि संध्याकाळी कानून वाजवायची. मांडीवर आडवं घेऊन छेडायचं, स्वरमंडळाच्या गोतावळ्यातलं वाद्य. आधी दोघी मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात गेल्या. इन्साफचं मन तिथेच बसलं. काळीभोर, चकचकीत, गाणं लागलं की निळे-तांबडे दिवे नाचायचे, आणि खोक्यावर दंडाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, हजार वॅट. विक्रेत्याने लग्नाचं गाणं लावलं तर काउंटरवरचा चहाचा पेला आपोआप चालायला लागला. नज्लाने पर्समधून स्वतःच्या वादनाचा पेनड्राइव्ह काढून दिला. डोळे मिटून ऐकलं, आणि विक्रेत्याचे आभार मानून बाहेर आली.

"काय झालं?" इन्साफने विचारलं.

"माझ्या तारांच्या ताटवाट्या झाल्या, आई. नुसता खणखणाट."

मग तिने आईला ओढत उस्ता वदीअ नावाच्या कारागिराच्या बोळात नेलं. पोर्ट सईदच्या बंदरात युरोपातल्या घरांतलं जुनं सामान उतरतं, त्यातलं निवडून आणायचं आणि दुरुस्त करून विकायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. त्याने एक चंदेरी तोंडाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर दाखवले. तिन्ही वस्तू नज्लाहून वयाने मोठ्या. नज्लाने उस्ताच्या छोट्या प्लेअरमधून तोच पेनड्राइव्ह लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि खाली बसली. स्टूल आहे की नाही हेही तिने पाहिलं नाही. नशिबाने होतं.

इन्साफला किंमत ऐकून घाम फुटला. नव्याइतकीच. तिने उस्ताला सुनावलं की जुन्याला नव्याचे पैसे मागायला जीभ तरी कशी रेटते. उस्ता हसला नाही की चिडलाही नाही. त्याने स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या कागदी पडद्याभोवतालच्या फोमच्या कडेला बोट लावलं. शिळ्या केकसारखा चुरा त्याच्या हातावर पडला.

"हे तुम्हाला आधीच दाखवतो, नज्लाच्या आई. आत्ता वाजतंय, पण महिन्याभरात कड फाटेल. मी नवी बसवून देईन, त्याचे वेगळे पैसे नकोत. पण माल बंदरावरून यायचा. पुढल्या मंगळवारच्या आत होणार नाही."

"आणि आमच्या गाड्या या रविवारी," इन्साफ म्हणाली. तिला वाटलं, देवानेच सोडवलं.

"मग गाड्या याच्याशिवाय जातील," नज्ला म्हणाली आणि शिकवणीतून साठवलेले आपले पैसे तिने उस्तापुढे ठेवले.

तीन दिवस मायलेकींत भांडण नव्हतं, फक्त भांडी जरा जोरात आपटत होती. इन्साफला दिसत होतं ते एवढंच: गाडीवर एक जागा रिकामी राहणार आणि तलखातल्या बायका त्या रिकाम्या जागेत बोट घालून बघणार. शनिवारी ती गुपचूप नव्या दुकानाच्या मागच्या दाराशी गेली, दरवानाच्या घरच्या पडद्याला फुकट झालर लावून द्यायचं कबूल केलं, आणि हजार वॅटचं रिकामं खोकं काखोटीला मारून घरी आली. आत काय भरायचं हा प्रश्न होता. पलंगाखालच्या विटा समोरच होत्या. पण नवरीच्या सामानात विटा? असला अपशकून दुष्मनाच्या घरीही कुणी करत नाही. म्हणून तिने कापसाच्या दोन नव्या रजया घडी करून भरल्या आणि वरून अशी चिकटपट्टी लावली की कारखान्याने बघून शिकावं.

रविवारी नज्लाला ते खोकं दिसलं तेव्हा ते फ्रिजच्या शेजारी दोरीने आवळलेलं होतं आणि पहिली गाडी सुरू झाली होती. तिने आईकडे पाहिलं. इन्साफ दुसऱ्या बाजूला बघून कुणालातरी हात करत होती. तिथे कुणी नव्हतं.

पुलावरून सामानाची वरात झोकात गेली. खोकं सगळ्यांना दिसलं. एका बाल्कनीतून कुणीतरी मोठ्याने "हजार वॅट" असं वाचलं, तेव्हा इन्साफचं तेवीस वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेलंच राहिलं.

नव्या जोडप्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. गडी फ्रिजशी झुंजत होते आणि खोकी तिसऱ्या मजल्यावर, रिफअतच्या आईच्या दाराशी साचली होती. हाजा कौसर म्हणजे हज करून आलेली, गुडघ्यांचं दुखणं घेऊन गल्लीवर राज्य करणारी बाई. तिला वाट मोकळी हवी होती. "हे जड धूड मधे कुणी ठेवलं?" म्हणत तिने ते खोकं सरकवायला दोन्ही हातांनी जोर लावला, आणि खोकं खांद्यापर्यंत वर आलं.

हाजाने ते एका हातात घेऊन बघितलं. मग दुसऱ्या.

"नज्लाच्या आई," ती सावकाश म्हणाली, "हजार वॅटचं वजन एवढंच असतं होय?"

इन्साफच्या जिभेवर तीन खोट्या गोष्टी एकदम आल्या आणि दारातच एकमेकींना अडकल्या. तेवढ्यात वरच्या पायरीवरून नज्ला बोलली.

"त्यात रजया आहेत, हाजा. माझी सिस्टिम उस्ता वदीअकडे दुरुस्तीला आहे. मंगळवारी येईल. जुनी आहे, माझ्यापेक्षाही जुनी."

"जुनी म्हणजे?"

"परदेशातल्या कुणाच्यातरी घरातली."

"मला माहीत होतं, आई," रिफअत पुटपुटला. "मी ऐकून आलोय. चांगली आहे." एवढं बोलून त्याने फ्रिजचं एक टोक उचललं. फ्रिजला तेव्हा त्याची काही गरज नव्हती.

हाजाने ना आरडाओरडा केला, ना कुणाला नावं ठेवली. तिचा प्रश्न एवढाच होता: कुणाच्या घरातली वस्तू, त्या घरात कोण वारलं, कोण तिच्यासमोर बसून रडलं, कुणाला ठाऊक? आणि असली वस्तू नव्या नवरीच्या उशाशी? ते होणार नाही. मग जरा मऊ होऊन तिने सुचवलं की नवी घ्या, हवं तर अर्धे पैसे मी देते, झाल्या गोष्टीचा कुठे उच्चार करणार नाही. खोक्यासकट सगळं झाकलं जाईल.

इन्साफला तर ते मान्यच होतं. होकार ओठांवर आला होता. तिने लेकीकडे बघितलं.

"मंगळवारी आणते, हाजा," नज्ला म्हणाली. आवाज चढवला नाही. शाळेत गृहपाठ सांगताना असतो तसा होता.

"आणि मी दारात उभी राहते," हाजा म्हणाली.

परतताना रिकाम्या गाडीत इन्साफने लेकीची विनवणी केली. एका यंत्रापायी सासर पहिल्याच दिवशी हातचं घालवू नकोस. आम्ही काय काय सोसलंय ते तुला कुठे माहीत आहे. एकेक टोमणा मी मोजलाय, ते कपाट...

"आई, ते कपाट तू निवडलं होतंस?"

इन्साफने गाडीतली सुटलेली दोरी गुंडाळायला घेतली.

"तुला कुणी विचारलंच नाही. दुसऱ्यांना नको होतं म्हणून तुझ्या गळ्यात बांधलं. हे मला हवं आहे म्हणून मी घेतलंय. दोन्ही जुनी आहेत म्हणून दोन्ही एकच झाली का?"

गाडी पुलावर आली होती. खाली पाणी चाललं होतं, नेहमीसारखं, कुणाची बाजू न घेता.

सोमवारी सकाळी ती एकटीच उस्ताच्या बोळात गेली. पैसे परत मागायचे की कामावर नजर ठेवायची, हे तिचं घरातून निघताना ठरलेलं नव्हतं. उस्ता गोंद लावत होता. नवी कड पडद्याभोवती बसवायची, बोटाने हलके दाबत फेरी घ्यायची, पुन्हा फेरी घ्यायची. इन्साफ झालर लावताना हात असाच फिरवते. ती बघत उभी राहिली. एका ठिकाणी त्याला सुरकुती पडल्यासारखी वाटली, तर त्याने अख्खी कड काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"कुणाला दिसणार आहे ती?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही. पण ऐकू येईल."

दुसरा स्पीकर आदल्या दिवशीच झाला होता. नज्लाने ठेवून गेलेला पेनड्राइव्ह जोडून त्याने तो लावला. नज्लाचं कानून सुरू झालं. इन्साफने ते घरी हजारदा ऐकलं होतं, म्हणजे स्वयंपाकघरातून, शिलाई मशीनच्या खडखडाटातून. आता तिला तारेवर पडणाऱ्या नखीचा बारीक टिचका ऐकू आला. स्वर लांबवताना पोरीने रोखून धरलेला श्वास आला. आणि त्यामागून, दूर बाल्कनीतून, टोपली दोरीने खाली सोडत टोमॅटोवाल्याला झापणारी एक बाई आली. अर्धा किलो सांगितले तर पाव किलोच का, आणि त्यातला एक नासका का, याचा ती जाब विचारत होती.

"ही बया कोण?" इन्साफने विचारलं, आणि लगेच तिचे कान लाल झाले.

उस्ताने नजर कामातून वर केली नाही. "माझ्या कामात मी हे रोज ऐकतो. टोमॅटोवाला बिचारा फारच घाबरलेला वाटतो."

ती हसली. मग तिला जाणवलं की पोरीने आईचं हे ओरडणं पुसून काढलं नव्हतं. पुन्हा वाजवताही आलं असतं, पण तिने ते तसंच ठेवलं होतं. इन्साफने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने डोळे टिपले आणि उस्ताला बजावलं की उद्या दुपारी बरोबर बारा वाजता तयार ठेवा, उशीर चालणार नाही.

मंगळवारी सामानाची तीनचाकी आली. चालकाने वर ताडपत्री टाकायला घेतली तर इन्साफने ती त्याच्या हातातून काढून घडी करून खाली बसायला घेतली. अ‍ॅम्प्लिफायर नज्लाच्या मांडीवर, एक स्पीकर इन्साफच्या मांडीवर, दुसरा दोघींच्या मधे. भर दुपारी, लख्ख उन्हात, खोक्याशिवाय. पूल ओलांडला तशी बाल्कन्यांतून डोकी बाहेर आली. एकीने वरून विचारलंच, हे काय नवीन घेतलं?

"नवीन नाही," इन्साफ मान वर करून म्हणाली. "जुनं आहे. माझ्या लेकीने पारखून घेतलंय."

तिने ते पुढच्या तीन बाल्कन्यांनाही सांगितलं. त्यांतल्या दोघींनी विचारलंही नव्हतं.

चार मजले. चालकाने हात पुढे केला, पण स्पीकर इन्साफने स्वतः उचलला. लाकूड भरीव होतं. पहिल्या मजल्यावर तिचे हात भरून आले, दुसऱ्यावर कंबर बोलायला लागली. तिसऱ्यावर हाजाचं दार बंद होतं. चौथ्यावर, नव्या घराच्या उंबऱ्यात, हाजा कौसर सांगितल्याप्रमाणे उभी होती. गुडघे धरत तो एक मजला ती चढून आली होती. हातात धुपाची वाटी, आणि धूर असा की चेहरा निम्माच दिसत होता.

दोघी विहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. हाजाने खाली ठेवा म्हणून खूण केली. इन्साफने ठेवला नाही.

"हाजा," ती धापा टाकत म्हणाली, "पोरीने आयुष्यात एवढंच मागितलंय. बाकी सगळं मी माझ्या मनाचं दिलं. हे आत जाणार. तुम्ही बाजूला होईपर्यंत मी इथेच उभी राहते."

"किती वेळ?"

"तुमच्या गुडघ्यांपेक्षा थोडा जास्त."

हाजाच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. धुरामुळेही असेल. तिने वाटी पुढे केली आणि स्पीकरभोवती फिरवली, तोंडाने काहीतरी पुटपुटत, एकदा, दोनदा. तिसऱ्या फेरीला वाटी जाळीजवळ गेली.

"बाहेरून, हाजा," नज्ला मागून म्हणाली. "आत धूर नको. नवी कड आहे."

हाजाने वाटी मागे घेतली आणि बाहेरून फिरवली. सात फेऱ्या पुऱ्या केल्या, मग अ‍ॅम्प्लिफायरला सात, मग खोकत खोकत दुसऱ्या स्पीकरला. तेवढा वेळ इन्साफ ओझं धरून उभी होती.

"मेलेल्यांचं झालं," हाजा म्हणाली. "आता जिवंतांचं. मी खाली झोपते. दोन ते चार वाजवायचं नाही."

"दोन ते साडेतीन," इन्साफ म्हणाली, आणि स्पीकर घेऊन उंबरा ओलांडून आत गेली.