कॅरॅव्हॅनच्या पाठीवरचा नंबर

मी एक नंबरप्लेट बोलतेय. मोटारीची नव्हे, मोटारीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराची, म्हणजे कॅरॅव्हॅनची. पुष्कळांना वाटतं, पुढच्या गाडीचाच नंबर मागे लावला की झालं. आमच्याकडे तसं चालत नाही. कॅरॅव्हॅनला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि दरवर्षी परवान्याचा नवा गोल कागद लागतो.

अपिंग्टन गावातल्या एका दुकानात माझ्यावर अक्षरं उमटली आणि फानुस एस्टरहायझनने मला दोन स्क्रूंनी मागे बसवलं. तेव्हापासून मी फक्त मागे पडलेला रस्ता पाहिला. त्याचं मला सुख नाही, दुःखही नाही.

सलग चोवीस वर्षं दर डिसेंबरात आम्ही मोसेल बेजवळ समुद्रकाठी, कॅरॅव्हॅनच्या त्याच तळावर, त्याच जागी उतरलो. निघण्याआधी फानुस मला ओल्या फडक्याने पुसायचा. शेजारचे म्हणायचे, "अरे, बायकोकडे कधी एवढं लक्ष दिलंस का?" त्याची बायको हेस्टर हसायची. तळाचा नियम एकच होता. पहिल्या दिवशी दुपारी चारच्या आत उतरला नाहीत, तर जागा यादीतल्या पुढच्या कुटुंबाची. लोक दहा-दहा वर्षं यादीत असायचे.

मे महिन्यात फानुस गेला. त्याच्या नावाची पत्रं येत राहिली. हेस्टर ती न उघडता पावाच्या डब्यात ठेवायची. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, असं तिचं म्हणणं. त्यातच माझ्या परवान्याची सूचना होती.

डिसेंबरात ती म्हणाली, "मी जाणार. फानुसची जागा जाऊ द्यायची नाही." जावई जाकोने कॅरॅव्हॅन आपल्या गाडीला जोडली. बोफर्ट वेस्ट गावाच्या अलीकडे वाहतूक पोलिसांनी अडवलं. सकाळचे अकरा वाजले होते.

वितबोई नावाच्या पोलीसबाई गोल कागद बघून म्हणाल्या, "मावशी, सप्टेंबरात मुदत संपली की हो. मालक कुठेत?"

"घरी आहेत. आजारी," जाको पटकन म्हणाला.

"मग फोन लावा त्यांना."

जाको खिसे चाचपत बसला. हेस्टर खाली उतरली. "खोटं कशाला बोलतोस रे? फानुस मेलाय, पोरी. मे महिन्यात." हे तिने आजवर कुणालाच असं तोंडाने सांगितलं नव्हतं.

पोलीसबाईंनी टोपी काढली. "मावशी, कॅरॅव्हॅन मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. आधी तुमच्या नावावर होऊ दे, मग परवाना. तोवर ही आमच्या आवारात राहील."

"चारच्या आत पोचायचंय गं मला."

"मोटार न्या की. मोटारीला कुठे अडवलंय?"

हेस्टरने कॅरॅव्हॅनमधून बाजूला लावायचा कापडी मांडव आणि दांड्या काढल्या. जाकोने ते सगळं मोटारीच्या टपावर बांधलं. ते गेले. मी पोलिसांच्या आवारात भिंतीकडे तोंड करून राहिले. धूळ बसली. मला काही वाटलं नाही.

फेब्रुवारीत हेस्टर कागद घेऊन आली.

"जागा मिळाली का, मावशी?" वितबोईबाईंनी विचारलं.

"चारला वीस मिनिटं असताना मांडव उभा केला. अठरा दिवस राहिले. समुद्र होता, मी होते. रडू काही आलं नाही. निघताना पुढच्या वर्षाची नोंदवली. माझ्या नावावर."

ती आता जॉर्ज गावी मुलीकडे राहते. प्रांत बदलला, म्हणून नंबर बदलला. नवी प्लेट तिने सोबतच आणली होती. जाको स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आला, तर म्हणाली, "थांब. फानुसने बसवलीय, मी काढते."

स्क्रू गंजले होते. बराच वेळ लागला. जुनी प्लेट कुणाच्या हाती पडू नये म्हणून तिने मला गुडघ्यावर धरून मधोमध वाकवलं. माझ्या कडेने तिचा अंगठा कापला. रक्ताकडे पाहत ती आवारातच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. पोलीसबाई पाणी घेऊन धावल्या. "जखम एवढीशी आहे, मावशी."

"हो गं," हेस्टर म्हणाली, आणि रडतच राहिली.

मी आता तिथल्याच भंगाराच्या पिंपात आहे. माझा नंबर आता कोणत्याच गाडीचा नाही. येते मी.