शेवटच्या माणसामागची काठी

मित्रांनो, दाराआड झाडूशेजारी टेकवून ठेवलेली ही जुनी काठी म्हणजे मी. उंची चार फूट आठ इंच. पूर्वी चार फूट दहा होती, दोन इंच डांबरावर झिजले. माथ्याला बांधलेल्या तांबड्या फडक्याचा रंग आता विटेसारखा झाला आहे. अंगावर चाकूने पाडलेल्या पाच खाचा आहेत आणि सहावीची जागा मोकळी आहे. ती मोकळी का राहिली, तेवढेच सांगते. फार बोलण्याचे त्राण आता माझ्यात नाही.

भुदरगडकडच्या एका वेळूच्या बेटात मी वाढले. आकाराम अण्णांनी मला तोडले, जाळावर शेकून सरळ केले आणि दोन महिने सावलीत वाळवले. अण्णा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले होते. कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या दहा-बारा जणांना गोळा करून त्यांनी लांब पल्ला चालणाऱ्यांचा गट काढला. नव्या माणसाला ते पहिल्या रविवारी फक्त तलावाची एक फेरी घालू देत. दर आठवड्याला अंतर थोडे वाढवत. नवे बूट मोठ्या चालीच्या दिवशी घालायचे नाहीत, नखे चार दिवस आधी कापायची, बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावायचे आणि तहान लागण्याआधी पाणी प्यायचे, असे ते पुन्हा पुन्हा बजावत.

आणि शेवटचा नियम माझा. काठी सगळ्यांच्या मागे राहणार. काठीच्या मागे कुणी राहायचे नाही. वाटेत पाणी देणाऱ्यांना माझे फडके दिसले की ते समजत, सगळे पुढे गेले, आता टेबल आवरायला हरकत नाही.

शेवटच्या माणसामागे चालणे सोपे नसते, मित्रांनो. त्याची चाल तीच आपली चाल. तो थांबला की थांबायचे आणि तो बसला की उभे राहून वाट बघायची. पुढच्यांपेक्षा जास्त तास ऊन अंगावर घ्यायचे. मी त्या दमण्यातच म्हातारी झाले.

दर जानेवारीत गटाची मोठी चाल असे, तिला बाहेरचेही शंभरावर लोक येत. रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, केर्ली आणि परत रंकाळा. पन्नास किलोमीटर, तेरा तासांत. पहाटे साडेपाचला निघायचे आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत पोहोचायचे. पोहोचणाऱ्याला पदक मिळे. काठीवाल्याला मात्र ते नसे, कारण त्याचे नाव स्वयंसेवकांत. पाच वर्षे अण्णा मला घेऊन शेवटी चालले. सगळी माणसे परतली की ते माझ्या अंगावर एक खाच पाडत. तेच त्यांचे पदक.

सहाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याचा फोटो बघितला आणि सांगितले, यंदा चाला, पुढे नाही. तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा स्वतःचे नाव चालणाऱ्यांत घातले. नंबर मिळाला एकशे अठरा. मला त्यांनी सम्राटच्या हातात दिले.

"ही धर. हिच्या मागं कुणी ऱ्हायला न्हाय पायजे. एवढंच काम."

"एवढंच व्हय, अण्णा? डोळं झाकून करतो की."

सम्राट सव्वीस वर्षांचा, दहा वर्षे तालमीत घुमलेला. ताकदीला तोटा नव्हता. पण तो जन्मात कधी शेवटी राहिला नव्हता, आणि ते त्याला कुणी शिकवलेही नव्हते.

त्या दिवशी सर्वांत मागे चंदनावैनी होत्या. शाहूपुरीत त्यांचे वह्या-पुस्तकांचे दुकान. दोन वर्षांपूर्वी त्यांना रंकाळ्याची एक फेरी पुरी होत नव्हती. जोतिबाच्या उतारावर त्या लंगडू लागल्या. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल शेजारून हळू झाली.

"ओ पैलवान, काठी टेकत चाललाईसा व्हय? रिक्षा बोलवू काय?"

वळणावर पारावरची माणसे खो खो हसली. सम्राटची बोटे माझ्याभोवती आवळली. वैनी मोजा नीट करायला रस्त्याच्या एका मोरीच्या कठड्यावर टेकल्या आणि भिडेखातर म्हणाल्या, "व्हा पुढं तुम्ही, मी आलेच."

तो खरंच पुढे झाला. मिनिटाला चाळीस वेळा जमिनीला टेकणारी मी साठ वेळा टेकू लागले. मला मोजता येते, मित्रांनो, ओरडता येत नाही.

आम्ही केर्लीत पोहोचलो तेव्हा तीन वाजून पन्नास मिनिटे झाली होती. माझे फडके बघताच टेबल मिटले आणि पाण्याची जीप निघून गेली. रस्त्याकडेला अण्णा गुडघ्याला मलम चोळत बसले होते. अकरा किलोमीटर उरले होते. त्यांच्या चालीने दोन तास पस्तीस मिनिटे, म्हणजे हाताशी पाच मिनिटे शिल्लक. ते उठले आणि त्यांना मी दिसले.

"चंदना कुठं हाय?"

"म्होरं गेल्या असतील की."

"माझ्या मागं हुती ती, लेका."

सम्राटने मान खाली घातली. "मोरीवर बसल्यात. येतो म्हणाल्या. लोकं हसाय लागली, अण्णा."

अण्णा रागावले नाहीत. "तिचं पाणी संपलं असंल. जैनाची हाय ती, दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबबी घेत न्हाय, ठावं हाय न्हवं?"

"मी जातो मागं. तुमी व्हा म्होरं. तुमचं ह्ये शेवटचं हाय."

"तू गेलास तर लाजंनं पळंल तुझ्यासंगं. माझ्यासंगं सावकाश येईल. तू केळी आन पाणी बघ जा."

अण्णांनी एकदा घड्याळाकडे बघितले आणि मला त्याच्या हातातून काढून घेतले. सव्वादोन किलोमीटर चढ. आजवर त्यांनी माझ्यावर एवढा भार कधी टाकला नव्हता. माझ्या बुडाला चीर गेली ती तेव्हाच.

वैनी मोरीवरच होत्या. एक बूट काढलेला, टाचेला फोड.

"अण्णा, तुमी? आणि तुमचा नंबर?"

"ह्यो काय, छातीवर हाय की."

"वेळ चुकली न्हवं तुमची."

"वेळ ऱ्हाऊ दे. पाणी पी आधी."

परत केर्लीला येईतो सम्राट केळी घेऊन उभा होता. सूर्य अजून कासराभर वर होता. वैनींनी दोन केळी खाल्ली, पोटभर पाणी घेतले आणि मग तिघे चालत राहिले.

आठ वीसला आम्ही रंकाळ्यावर पोहोचलो. मांडव उतरवत होते. कुणीतरी पदक पुढे केले. "घ्या की अण्णा, कोण इचारतंय?"

"साडेसहा म्हंजे साडेसहा," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

सम्राटने चाकू काढून त्यांच्यासमोर धरला. "खाच तरी पाडा. सगळी आली की."

"आली. खरं काठी आधी आली आन माणूस मागनं." अण्णांनी चाकू मिटून त्याच्या खिशात घातला. "ही तू पाड. फुडल्या साली."

त्यानंतर अण्णा चालले नाहीत. गटाने फोनवर नकाशा घेतला. त्यात प्रत्येक माणूस एक ठिपका. मला कोपरा मिळाला. अधूनमधून माझ्या माथ्याला झाडू बांधून जळमटे काढतात.

गेल्या रविवारी सम्राट आला. त्याने मला पुसले आणि चिरलेल्या बुडाला रबरी टोपण बसवले. गटात एक नव्या बाई आल्या होत्या, अर्ध्या फेरीतच धापा टाकणाऱ्या. मला घेऊन तो रंकाळ्यावर त्यांच्यामागे चालू लागला. कट्ट्यावरून कुणी ओरडले, "काय पैलवान, शेवटचा काय?"

"व्हय," सम्राट म्हणाला, "शेवटचाच हाय मी." आणि त्या बाई बसल्या तसा तो थांबला. त्या उठेपर्यंत मी एकदाही पुढे टेकले नाही. पलीकडच्या बाकावर अण्णा बसले होते. ते माणसे मोजत होते.

मोठी चाल पुढच्या महिन्यात आहे. खाच पडेल की नाही, मला ठाऊक नाही. मित्रांनो, मी वाळलेला वेळू आहे, मला मागे वळून बघता येत नाही. तुम्हाला मान आहे. निघण्याआधी एकदा तेवढी वळवत जा.