पती-पत्नी एकत्रीकरण

संगणकाला नातेवाईक नसतात. त्याला मेहुणा नाही, भाचा नाही, शेजारच्या काकूंचा होतकरू मुलगा नाही. म्हणूनच खात्याने बदल्यांचं काम माणसांच्या हातून काढून संगणकाकडे सोपवलं, आणि तेव्हाच्या साहेबांनी न्यायाच्या नव्या युगावर भाषण केलं. भाषण आटोपल्यावर साहेबांनी डीबीला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या भाच्याला यातून वगळायला सांगितलं.

डीबी हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. डेटाबेस सांभाळणाऱ्या या माणसाचं पदनाम इतकं लांब होतं की ते पुरतं उच्चारेपर्यंत तो निघून गेलेला असे, म्हणून नुसतं डीबी.

बदल्यांची सगळी अक्कल एका स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये होती. स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे डेटाबेसच्या पोटात जपून ठेवलेल्या सूचना. नावाने हाक मारली की त्या ठरल्या क्रमाने कामाला लागतात आणि का म्हणून विचारत नाहीत. आदर्श कर्मचारी म्हणावा असं खात्यात तेवढंच काय ते होतं. भाच्यासाठी तिच्यात एक ओळ घातली गेली. मग साहेबांच्या मनात आलं, उद्या डीबीचीच बदली झाली तर ही चालवणार कोण? तेव्हा खाली दुसरी ओळ आली: या कर्मचाऱ्यास वगळावे. पुढे साहेब निवृत्त झाले, भाचा नोकरी सोडून गेला, ओळी राहिल्या.

डीबीची बायको याच खात्यात आरेखक होती, पण रात्रभर बसने जावं लागेल अशा गावच्या कार्यालयात. मुलगी आणि डीबीच्या सासूबाई तिच्यापाशी. "माझे बाबा शनिवारी असतात," असं मुलगी मैत्रिणींना सांगायची. बदल्यांच्या नियमांत पती-पत्नी एकत्रीकरण नावाचं एक कलम होतं: दोघं वेगळ्या गावी असतील तर एकाला दुसऱ्याकडे पाठवावं. दरवर्षी कितीतरी संसार त्या कलमाने जुळले. ते जुळवायचं काम डीबी करायचा. त्याला स्वतःला वगळलेलं असल्यामुळे प्रोसीजरच्या लेखी त्याच्या बायकोला नवराच नव्हता. ती ओळ त्याला दिसायची, खोडताही आली असती. पण सहीशिवाय खोडली तर नोकरी जाणार, आणि सही द्यायला एकही साहेब तयार नव्हता.

कारण प्रोसीजर मोठी लहरी होती. ती माणसं एकेक करून घ्यायची. सगळ्यात ज्येष्ठ आधी उचलायचा, नियम लावून बघायचा, हलवायचा तर हलवायचा, मग दुसरा. सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत चालायची आणि तोवर खात्यातला प्रत्येक स्क्रीन गोठलेला. मध्येच कुठेतरी फतकल मारून बसायची. मग डीबीने तिला चुचकारून उठवायचं. हे सगळं एका खिडकी नसलेल्या खोलीत. खोलीतला थंडावा यंत्रांसाठी होता. डीबीसाठी स्वेटर होता. दार कार्डाने उघडायचं, आत जातानाही आणि बाहेर पडतानाही.

यंदा मोठ्या मॅडम नव्याने प्रमुख झाल्या.

"मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नाची रजा त्या गोठण्यात अडकली," त्या म्हणाल्या. "मंजूर झाली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. यंदा हे नकोय मला."

"वेग वाढवता येईल, मॅडम. फक्त माझी ओळ काढायला तुमची सही हवी."

"आणि तू गेल्यावर चालवायची कुणी?"

"वेगाने चालली तर ती अडखळणार नाही. अडखळली नाही तर मी लागत नाही. बटण मामाही दाबतील."

मामा म्हणजे हेडक्लार्क. कोपऱ्यात उभे राहून ते फाइल चाळल्यासारखं करत होते.

"मी लिफ्टचं दाबतो की रोज," मामा म्हणाले.

"आधी काम दाखव," मॅडम म्हणाल्या. "सही कुठे पळून जात नाही."

डीबी कामाला लागला. एकेक माणूस घेण्याचा तो फेरा त्याने मुळासकट उपटला आणि त्याजागी एकच आज्ञा लिहिली: सगळ्यांकडे एकदम बघ, सगळ्यांना एकदम हलव. पानंच्या पानं गेली आणि तळहातावर मावेल एवढा मजकूर उरला. असं काही जमलं की या धंद्यातल्या माणसाला कुणीतरी पाठ थोपटावी असं वाटतं. खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे ते कामही त्यानेच केलं.

चाचणी खऱ्या माहितीवर करत नाहीत, तिच्या प्रतीवर करतात. प्रतीतून गोपनीयतेसाठी खासगी रकाने पुसलेले असतात, जोडीदाराचाही. चाचणीतलं खातं म्हणजे सगळं अविवाहितांचं. तिथे जुन्या आणि नव्या प्रोसीजरचे निकाल तंतोतंत जुळले. मॅडमनी सही केली. डीबीने ती ओळ खोडली, बायकोला फोन केला आणि मुलीच्या खोलीत आपलं टेबल कुठे बसेल यावर दोघं जेवण थंड होईपर्यंत बोलत राहिली.

ठरल्या दिवशी मामांनी मॅडमच्या केबिनमध्ये बटण दाबलं. बोट उचलेपर्यंत काम झालं होतं. मामांनी संशयाने स्क्रीनकडे पाहिलं. मॅडमनी वरच्या कार्यालयाला लगेच कळवलं की बदल्या आता क्षणात होतात. आदेश ज्याचे त्याला आपोआप गेले. डीबीने आपल्या खोलीत बसून मोबाइलवर स्वतःचा आदेश उघडला, गाव वाचलं, आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"झाली," तो म्हणाला.

"माझीपण," ती म्हणाली.

"तुझी काय?"

"बदली. तुझ्या ऑफिसात. अरे, तू काय केलंस?"

काय केलं ते त्याला बसल्या जागी कळलं. जुनी प्रोसीजर ज्येष्ठ असलेल्या नवऱ्याला आधी बायकोच्या गावी पोचवायची. मग बायकोची पाळी आली की नवरा तिथेच दिसायचा, म्हणून तिला सोडून द्यायची. नवी सगळ्यांकडे एकाच वेळी बघत होती. तिला दिसलं की नवऱ्याची बायको तिकडे आहे आणि बायकोचा नवरा इकडे. तिने दोघांचीही इच्छा पुरी केली. वेगळ्या गावी राहणारं खात्यातलं प्रत्येक जोडपं आता एकमेकांच्या गावी निघालं होतं.

त्याने प्रोसीजर उघडायला घेतली. ती उघडेना. बदली झालेल्याचं लॉगिन तत्क्षणी बंद व्हावं, ही सोय त्यानेच कधीतरी केली होती. तो दाराकडे गेला, कार्ड लावलं, लाल दिवा लागला. कार्डही लॉगिनलाच जोडलेलं होतं.

दाराच्या काचेपलीकडे मामा प्रकटले.

"अभिनंदन," मामा काचेतून म्हणाले. "पेढे कधी?"

"मामा, मी आत अडकलोय."

"अहो, सुटलात की. आदेश वाचला मी."

पहारेकऱ्याने किल्ली शोधून दार उघडेपर्यंत मॅडमही तिथे आल्या. डीबीने त्यांना सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"परत चालवली तर?"

"तर सगळे पुन्हा होते तिथे येतील. मी इथे, ती तिथे."

"आणि दुरुस्त करून चालवली तर?"

"दोन ओळींचं काम आहे. पण आता मला हात लावता येत नाही, आणि बदल्या वर्षातून एकदाच होतील असं आत लिहून ठेवलंय."

"कुणी?"

डीबीने बोट स्वतःकडे वळवलं. मामांनी छताकडे पाहिलं.

"अर्जात तू कुठलं गाव मागितलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

"तेच."

"आणि तिने?"

"हे. एकाचा तरी लागेल म्हणून दरवर्षी दोघंही अर्ज करतो."

"मग दोघांनाही मागितलेलं मिळालंय. तक्रार नेमकी कशाची लिहून घेऊ? वर कळवून झालंय माझं."

पुढच्या आठवड्यात नवराबायको मधल्या एका बसस्थानकावर भेटली. त्याची बस जायची होती, तिची यायची होती. दोघांनी किल्ल्यांची अदलाबदल केली.

"न्हाणीघरातला नळ डावीकडे फिरव," तो म्हणाला. "उजवीकडे फिरवलास तर हातात येतो."

"अजून दुरुस्त नाही केलास?"

"मी निघणारच होतो ना."

ती हसली, मग हसायची थांबली. "आईने तुझ्यासाठी बाहेरच्या खोलीत पलंग टाकलाय. घोरलास तर सांगणार नाही म्हणाली. म्हणजे मलाच सांगणार."

"पिल्लू काय म्हणते?"

"मैत्रिणींना सांगून आलीय. आई शनिवारी असते."

शेजारच्या बाकावर आणखी एक जोडपं किल्ल्या मोजून देत होतं. ते हिशेब विभागातलं होतं. त्यांनी डीबीला ओळखलं आणि पाठ फिरवून बसले.

बस लागली. तो चढला, तिने पिशवी वर दिली.

"पुढच्या वर्षी करशील ना रे नीट?" ती खिडकीखालून म्हणाली.

"तिथे डेटाबेस नाही," तो म्हणाला. "मला आवक-जावक दिलंय."

डीबीच्या जुन्या जागेवर अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. पुढच्या वर्षीही प्रोसीजर सगळ्यांकडे एकदमच बघणार आहे.