अस्पष्ट फ्रेम वगळल्या

बाबा गेले तेव्हा आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "भिंतीवर लावायला यांचा एक फोटो दे. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओतून निघेल बघ." फोटो म्हटलं की बाबा काढता पाय घ्यायचे. घरात ओळखपत्रावरचा तेवढा एक होता, आणि त्यात ते फरारी आरोपी दिसत.

व्हिडिओ तीन तासांचा, आठ तुकड्यांत, फक्त माझ्या लॅपटॉपवर. शहाण्या माणसाने तो लावला असता आणि हवं तिथे थांबवला असता. पण बाबांना तीन तास चालताबोलताना बघायचं मला धैर्य नव्हतं. आईला मात्र ऐटीत सांगितलं, "प्रोग्राम लिहितो, एका क्लिकचं काम."

जावामध्ये लिहिला. दर सेकंदाची एक फ्रेम उचलायची, चित्र म्हणून ठेवायची. फ्रेमचा कुठलाही भाग हललेला असेल तर ती वगळायची. लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून एकेक तुकडा संपला की मूळ फाइल पुसून टाकायची, ही अक्कलही मीच पाजळली.

दुपारी आईला शेजारी बसवून फोटो उघडले. सहा हजार, सगळे लख्ख. खुर्चीत पेंगणारा मामा, सगळ्या बाजूंनी आत्या. संध्याकाळपर्यंत बघितलं. बाबा एकाही फोटोत नव्हते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी बाबांच्या पायाला भिंगरी होती. खुर्च्या उचल, पाणी दे, कुणाला दारापर्यंत सोड. ते ज्या फ्रेममध्ये आले ती हललेलीच असणार. स्क्रीनवर प्रोग्रामने इमानदारीत कळवलं होतं: अस्पष्ट म्हणून वगळल्या, चार हजार आठशे.

पुसलेल्या फाइल परत आणायचा जंग जंग प्रयत्न केला. त्यांच्या जागेवर आत्याचे फोटो जाऊन बसले होते. मला बाबांना तीन तास बघवणार नव्हतं. आता एक मिनिटही बघता येणार नाही. आईला सगळं खरं सांगितलं, अगदी भीती वाटली हेही.

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाली, "त्या प्रोग्रामचा काय दोष? त्याने यांना कधी पाहिलं नव्हतं. तू तर पाहिलं होतंस."