कल्काची वात

सकाळपासून ढवळून ढवळून माझं मनगट गळून गेलं होतं. खोबरेल तेल, दूर्वांचा रस आणि ज्येष्ठमध वाटून केलेला कल्क. रसातलं पाणी आटेपर्यंत मंद आचेवर कालथा फिरवत राहायचं. मामंजी आठ महिने अंथरुणाला खिळलेले; पाठीची कातडी लालसर दिसू लागली की हेच तेल हलक्या हाताने जिरवायचं. मागच्या खेपेचं आठ दिवसांतच खवट झालं होतं.

तेल उतरवायचं कधी, ते सासूबाई ठरवत. चाळीस वर्षांचा मान त्यांचा. कल्काची बारीक वात वळून ज्योतीत धरायची. तडतडली तर पाणी उरलंय, मुकाट जळली तर तेल तयार.

जप पुरा होईपर्यंत माझं रोज मौन असतं. अजून चार माळा बाकी होत्या.

सासूबाईंनी वात धरली. चांगली तडतडली. त्या कान देऊन उभ्या होत्या.

"गप्प आहे. उतरव."

मागचं तेल का बिघडलं ते तेव्हा कळलं.

आतून मामंजी ओरडले, "पाठ माझी आणि परीक्षा तेलाची! आटपा की!"

सासूबाई वातीकडेच बघत राहिल्या.

मौनाचा आडोसा सोयीचा होता. त्यांची पाठ वळली की पातेलं पुन्हा चढवता आलं असतं. पण दर खेपेला ही चोरी करायची, एवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"आई, वाजतेय हो."

"बोललीस? मौनात? आणि काय बोललीस?"

मी त्यांच्या कानाशी गेले. "वाजतेय. पाणी आहे अजून."

त्यांनी दुसरी वात धरली आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या स्टुलावर बसल्या.

"कधीपासून गं?"

"मागच्या खेपेलाही असेल."

बराच वेळ त्या पदराने बोटं पुसत राहिल्या.

"वात मी वळीन. वाजली का ते तू सांग. आणि ओरडू नकोस, ह्यांना कळेल."

"मला सगळं ऐकू येतंय!" मामंजी आतून म्हणाले. सासूबाईंना तेवढं ऐकू गेलं नाही.

माळ आता पहिल्या मण्यापासून धरायची होती. मी ढवळत राहिले. तिसरी वात एकदाच, अगदी बारीक, तडकली. मनगट म्हणालं, सोड आता.

"अजून आहे," मी सांगितलं.

सासूबाई उठल्या आणि माझ्या हातातला कालथा त्यांनी घेतला.