पेन ड्राइव्हवरची स्वप्नं

मी कोऱ्हाळे बुद्रुकच्या सुप्रियाचा नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, बोलतोय. जरा सावकाश बोलतो, पण ऐकून घ्या. दोन तळहातांवर मावेन एवढाच माझा देह. बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे वायर भिंतीला असेल तोवरच माझ्यात जीव.

जळोचीला, सुप्रियाच्या माहेरी, मी तिच्या कॉलेजच्या वर्षांत आलो आणि लग्नात तिच्या साड्यांबरोबर सासरी गेलो. पुढं माझ्या आतली जुनी प्रणाली जडावत गेली. मला चालू करून माणसं चहा पिऊन यायची, तरी पडद्यावरचं गोल गोल फिरणं चालूच. शेवटी मला कपाटावर सुपाशेजारी ठेवलं. तिथं मी पेंगत पडून असायचो. खालून मिक्सरचा आवाज यायचा आणि वाटायचं, कुणी आपलं नाव घेईल.

सुप्रिया एमआयडीसीतल्या डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायच्या यंत्रावर उभी असते. तिला ऑफिसात बसायचं होतं, आणि त्यासाठी मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. घरी सरावाला काही नव्हतं. दसऱ्याच्या आवराआवरीत सासऱ्यांनी, सावळाराम आबांनी, मला भंगाराच्या पोत्यावर टाकलं, तेव्हा तिनं मला उचललं.

"आबा, दसऱ्यापातुर ऱ्हाऊ द्या. यात हलकं लिनक्स टाकून बघते."

"बघ. चाललं तर ठेव, न्हायतर भंगारवाला हायेच."

मग ती पेन ड्राइव्हवर लिनक्सचा, म्हणजे फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा, एकेक प्रकार आणायची आणि माझ्यात काहीही न बदलता नुसतं चालवून बघायची. बंद केलं की सगळं विरून जायचं. माणसांना पडतात तशी ती माझी स्वप्नं होती.

नव्या कितीकांनी मला ओळखच दाखवली नाही. माझा प्रोसेसर त्यांच्या लेखी फार म्हातारा. मग एक आलं, वाळलेल्या चिपाडासारखं हलकं. मी झटकन जागा झालो. सुप्रियानं सासूबाईंचं नाव टाइप केलं, तर पडद्यावर नुसते चौकोन. त्याला देवनागरीच येत नव्हती.

द्वारकाबाई डोकावून म्हणाल्या, "माझ्या नावाच्या खोल्या बांधल्या व्हय गं?"

सुप्रिया हसली, मला मात्र लाज वाटली. दुसरं दिसायला देखणं, त्याला मराठीही येत होती. पण त्याच्या ओझ्यानं तिची बोटं पुढं आणि मी मागं. तिसरं साधंसुधं, राखाडी. अक्षरं तिच्या बोटांबरोबर उतरत गेली. त्या स्वप्नातून मला उठायचंच नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी तिनं ते माझ्यात कायमचं बसवायला घेतलं. जुने फोटो आधीच काढून ठेवले होते. जुनं पुसलं गेलं, नवं हळूहळू येऊ लागलं, आणि ती आंघोळीला गेली. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या. खुरपी, विळे, मोटारीचे पाने पूजेला मांडून झाले होते. त्यांनी माझी वायर काढली, मला पदरानं पुसलं आणि त्या रांगेत नेऊन ठेवलं. हळद, कुंकू, वर अक्षता.

सुप्रिया आली आणि पाटासमोर मटकन बसली.

"आत्या, वायर का काढली? अर्धंच झालं हुतं. आता ह्यात काहीच न्हाय."

द्वारकाबाईंचा हात तसाच राहिला. "मला काय ठावं, पोरी. तू ह्याच्यावर शिकतीस, म्हंजी तुझं हत्यारच न्हाय का ह्ये? बिनपूजेचं कसं ठेवू?"

पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत, म्हणून मी तिथंच राहिलो. शेजारच्या विळ्यांना उसाची स्वप्नं पडत असावीत. मी जुना उरलो नव्हतो, नवा झालो नव्हतो. मला एकही स्वप्न पडलं नाही, आणि फार भीती वाटली.

दसऱ्याला सुप्रियानं पेन ड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काम संपेपर्यंत द्वारकाबाई प्लगवर हात ठेवून बसल्या, चहालाही उठल्या नाहीत. मी जागा झालो, तेव्हा सुप्रियानं पहिलं त्यांचं नाव टाइप केलं. त्यांनी एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि म्हणाल्या, "आता खोल्यांत माणूस आलं."

आता डेअरीतली पाळी संपवून आली की ती माझ्यावर सरावाला बसते. परीक्षा जवळ आलीय. एक अक्षता कीबोर्डच्या कळीखाली अडकून कुरकुरते, ती तिनं काढलेली नाही. उद्या तिला ऑफिसात मोठा संगणक मिळेल, मिळावाच. मग मला बाजूला ठेवाल तर ठेवा, पण कपाटावर नको. फळीवर, विळ्यांच्या शेजारी ठेवा. आणि झाकणावरचं कुंकू तेवढं राहू द्या.